म्वालिमू ज्युलियस न्येरेरे



ऑक्टोबर हा मिशनकार्याचा महिना. या महिन्यात आपण मिशन रविवारचे पाकीट भरतो, आफ्रिकेतल्या मिशनसाठी प्रार्थना करतो. तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या झग्यातला, दाढीवाला मिशनरी उभा राहतो. त्या मिशनऱ्याने ज्या मुलाला शिकवले त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अशाच एका मुलाचे निधन १९९९ साली याच महिन्याच्या १४ तारखेला झाले. ज्युलियस न्येरेरे हे त्यांचे नाव. टांझानिया या देशाचे ते पहिले राष्ट्राध्यक्ष. पण त्यांच्या देशात त्यांना सगळे म्वालिमू म्हणत. स्वाहिली भाषेत म्वालिमू म्हणजे शिक्षक. आपण जसे गुरुजी म्हणतो तसेच.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १९२२ रोजी बुटियामा या खेड्यात झाला. आफ्रिकेच्या नकाशात पूर्वेकडे व्हिक्टोरिया नावाचे भले मोठे सरोवर दिसते. त्याच्या पूर्व काठापासून थोडे आत हे खेडे आहे. त्या काळी देशाचे नाव टांगानिका होते. पहिल्या महायुद्धापूर्वी तिथे जर्मनांचे राज्य होते, युद्धानंतर ते ब्रिटिशांच्या हाती गेले. देशात शंभराहून अधिक जमाती. न्येरेरे यांची झानाकी जमात त्यांतली एक लहानशी जमात. जन्माच्या दिवशी पाऊस पडत होता म्हणून झानाकी लोकांच्या पर्जन्यदेवतेवरून मुलाचे नाव कांबारागे ठेवले गेले. ज्युलियस हे नाव फार नंतरचे, स्नानसंस्काराच्या वेळचे. वडील न्येरेरे बुरिटो हे जमातीचे प्रमुख होते आणि त्यांना बावीस बायका होत्या. कांबारागेची आई मुगाया ही त्यांपैकी एक. प्रमुखाचा मुलगा म्हटल्यावर आपल्या मनात राजवाडा येईल, पण तसे काही नव्हते. मुलगा आईबरोबर शेतात राबे आणि वडिलांच्या शेळ्या राखी. तिथल्या खेड्यातल्या मुलांचे बालपण असेच जात असे. शाळा ही वस्तू बहुतेकांनी पाहिलेलीच नव्हती.

तिथे लाकडी पाटीवरच्या खळग्यांत बिया टाकत खेळायचा एक खेळ आहे. त्याला बाओ म्हणतात. समोरच्याच्या बिया किती, आपल्या किती, चार चालींनंतर काय होईल याचा हिशेब मनातल्या मनात करावा लागतो. कांबारागे हा खेळ मोठ्या माणसांबरोबर खेळे आणि जिंके. शेजारच्या जमातीच्या प्रमुखाने हे पाहिले आणि या पोराला शाळेत घाला असा सल्ला त्याच्या वडिलांना दिला, असे सांगितले जाते. प्रमुखांच्या मुलांनी शिकावे असे इंग्रज सरकारचेही धोरण होते, कारण त्यांना पुढे कारभारासाठी माणसे हवी होती. अशा रीतीने १९३४ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, घरापासून सुमारे ४० किलोमीटर दूर, सरोवराच्या काठी मुसोमा येथील शाळेत तो दाखल झाला आणि तिथल्याच वसतिगृहात राहू लागला. गावातली त्याच्या बरोबरीची बहुतेक मुले शेळ्यांमागेच राहिली. ती बुद्धीने कमी होती असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांचा बाओचा खेळ कोणा प्रमुखाने पाहिला नाही आणि त्यांचे वडील प्रमुख नव्हते, एवढाच फरक.

हा फरक न्येरेरे आयुष्यभर विसरले नाहीत. त्यांच्या पुढच्या आयुष्यातले बरेच बरे आणि काही वाईट निर्णयही इथून समजतात, असे मला वाटते.

चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत संपवला. याच शाळेत असताना एका वर्गमित्राच्या संगतीने ते जवळच्या न्येगिना मिशनमध्ये धर्मशिक्षणाला जाऊ लागले. हे मिशन व्हाइट फादर्स या संघाचे. पुढे १९३७ मध्ये ते टाबोरा येथील सरकारी शाळेत गेले. साऱ्या देशातून निवडक मुले तिथे येत. १९४२ साली वडील वारले. न्येरेरे यांचा स्नानसंस्कार २३ डिसेंबर १९४३ रोजी, नाताळाच्या तोंडावर, न्येगिना येथे झाला. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि युगांडातील मकेरेरे महाविद्यालयात शिक्षक होण्याचे शिक्षण घेत होते.

मकेरेरेमध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल याने स्त्रियांच्या पारतंत्र्यावर पुस्तक लिहिले आहे. ते वाचून न्येरेरे यांनी तोच विचार आपल्या झानाकी समाजाला लावून पाहिला. निबंधाला पहिले बक्षीस मिळाले. आपल्यापैकी ज्यांनी तत्त्वज्ञानाचा थोडाफार अभ्यास केला आहे त्यांना ठाऊक आहे की मिल वाचून बहुतेक विद्यार्थी परीक्षेत उत्तर लिहितात आणि विसरून जातात. या मुलाने मिल वाचला आणि त्याला आपली आई दिसली. बावीस बायकांपैकी एक असणे म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकायचे नव्हते.

१९४५ मध्ये शिक्षण संपवून ते घरी आले. आधी विधवा आईसाठी घर बांधले. मग नोकरीचा प्रश्न आला. टाबोरामध्ये दोन शाळांकडून बोलावणे होते. एक त्यांची स्वतःची जुनी सरकारी शाळा, दुसरी व्हाइट फादर्सची सेंट मेरीज. सरकारी शाळेत पगार जास्त होता. त्यांनी सेंट मेरीज निवडली. तिथे ते जीवशास्त्र आणि इतिहास शिकवत, आणि शाळा सुटल्यावर गावातल्या प्रौढ माणसांना विनामूल्य इंग्रजी शिकवत. ज्यांना लहानपणी शाळा मिळाली नाही अशी ही माणसे होती. दिवसभर मुले आणि नंतर बाप्ये, असा त्यांचा दिनक्रम. म्वालिमू ही उपाधी कोणा विद्यापीठाने दिलेली नाही, ती अशी कमावलेली आहे. सेंट मेरीजचे प्रमुख फादर रिचर्ड वॉल्श यांना या तरुण शिक्षकाची योग्यता कळली होती आणि त्याने परदेशी शिकावे म्हणून त्यांनी प्रोत्साहन दिले. १९४९ ते १९५२ न्येरेरे स्कॉटलंडमधील एडिनबरा विद्यापीठात होते. अर्थशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र आणि नीतिशास्त्र असे विषय घेऊन ते एम. ए. झाले. त्या काळात तिथे नीतिशास्त्राच्या अध्यासनावर जॉन मॅकमरी होते. माणूस एकटा राहून माणूस होत नाही, दुसऱ्या माणसांशी असलेल्या नात्यातच तो व्यक्ती होतो, हा मॅकमरींच्या विचाराचा गाभा. न्येरेरे यांनी पुढे ज्याला उजामा म्हटले, म्हणजे कुटुंबभावना, ती त्यांना गावातच मिळाली होती. तिला तत्त्वज्ञानाची भाषा मात्र परदेशात मिळाली असावी.

परत आल्यावर जानेवारी १९५३ मध्ये मारिया यांच्याशी त्यांचा विवाह मिशनच्या चर्चमध्ये झाला. मारियासुद्धा शिक्षिका होत्या. त्या वेळची राजधानी दार-एस-सलामजवळ पुगू येथे सेंट फ्रान्सिस कॉलेज या कॅथलिक शाळेत न्येरेरे शिकवू लागले. शनिवार-रविवार राजकारण आणि आठवडाभर वर्ग असे चालू होते. ७ जुलै १९५४ रोजी त्यांनी टानू हा पक्ष स्थापन केला. १९५५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांपुढे ते देशाची बाजू मांडून आले. त्यानंतर नोकरी की राजकारण असा पेच उभा राहिला. त्यांनी नोकरी सोडली आणि बायकोमुलांसह बुटियामाला गेले. मिळकत नव्हती. तोवर त्या भागातले मिशन अमेरिकेतील मेरीनॉल संघाकडे आले होते. तिथल्या एका फादरांना न्येरेरे यांनी काही महिने झानाकी भाषा शिकवली आणि धर्मशिक्षणाच्या मजकुराचे त्या भाषेत भाषांतर करून दिले. पुढे ज्यांच्यापुढे मोठमोठे मंत्री हात बांधून उभे राहिले त्या माणसाची ही नोकरी होती, मिशनमधल्या भाषेच्या शिकवणीची.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. रक्तपात झाला नाही. आधी पंतप्रधान आणि वर्षभराने राष्ट्राध्यक्ष झालेल्या न्येरेरे यांच्या हाती काय आले ते पाहा. सुमारे एक कोटी लोकसंख्या. प्राथमिक शाळांत सुमारे ४ लाख ९० हजार मुले, आणि त्यांतली पुष्कळ चौथीनंतर घरी बसणारी. माध्यमिक शाळांत सगळी मिळून १२ हजारही नाहीत. त्यांनी स्वतः पुढे दिलेल्या आकड्यांप्रमाणे १०० पैकी ८५ प्रौढ निरक्षर होते आणि देशात दोन इंजिनिअर व बारा डॉक्टर होते. शाळाही रंगाप्रमाणे वेगवेगळ्या होत्या. गोऱ्यांच्या वेगळ्या, आशियाई मुलांच्या वेगळ्या, आफ्रिकन मुलांच्या वेगळ्या. दार-एस-सलाममध्ये भारतातून, गोव्यातूनही गेलेली बरीच कुटुंबे होती. स्वातंत्र्यानंतर लगेच हे वेगळे फळे मोडून सर्व मुलांना एका शाळाव्यवस्थेत आणले गेले. नागरिकत्व फक्त काळ्या लोकांना द्यावे असा काही सभासदांचा आग्रह होता. ते झाले तर राजीनामा देईन असे न्येरेरे यांनी बजावले आणि तो आग्रह मोडून काढला. आपल्या गोव्याच्या बांधवांना त्या देशात नागरिक म्हणून राहण्याचा हक्क मिळाला तो या ठामपणामुळे.

पहिली काही वर्षे सरकारने वरच्या शिक्षणावर जोर दिला, कारण डॉक्टर, अधिकारी, शिक्षक तातडीने हवे होते. दार-एस-सलामला विद्यापीठ उभे राहिले. मग १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये एक प्रसंग घडला. पदवीधरांनी काही काळ राष्ट्रीय सेवा करावी आणि त्या काळात पगाराचा मोठा भाग सोडावा असा कायदा सरकारने आणला. विद्यार्थ्यांना ते मान्य नव्हते. त्यांनी मोर्चा काढला आणि तो राष्ट्राध्यक्षांच्या निवासापर्यंत नेला. न्येरेरे यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. नंतर त्यांचा राग अनावर झाला. ज्या शेतकऱ्याच्या करातून यांचे शिक्षण झाले त्याचे वर्षाचे उत्पन्न किती आणि हे मागतात किती, हे त्यांच्या मनाला लागले. तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी तिथल्या तिथे घरी पाठवले. पण त्याच वेळी त्यांनी आपला स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कमी केला. विद्यार्थी पगाराचे बोलले ते खोटे नव्हते, साहेब लोकांचे पगार खरोखरच फुगलेले होते, हेही त्यांनी मान्य केले. बहुतेक विद्यार्थ्यांना पुढल्या वर्षी परत घेतले गेले.

या प्रसंगानंतर काही महिन्यांतच, मार्च १९६७ मध्ये, त्यांनी स्वावलंबनासाठी शिक्षण या नावाची पुस्तिका काढली. त्यातला प्रश्न साधा आहे. प्राथमिक शाळा संपवणाऱ्या १०० मुलांपैकी १३ मुलांनाच माध्यमिक शाळेत जागा आहे. मग उरलेली ८७ मुले नापास समजायची का? आपली शाळा त्या तेरांसाठी चालवली जाते, आणि सत्त्याऐंशी मुले आपण कमी पडलो अशी भावना घेऊन शेतात परततात. शेती करणे म्हणजे शिक्षणात हरणे, असे शाळाच शिकवते. त्यांचा उपाय असा की प्राथमिक शिक्षण स्वतःत पूर्ण असावे, प्रत्येक शाळेला शेत असावे, मुलांनी वाचावे, हिशेब करावा आणि हातांनी कामही करावे. याच्या तीस वर्षे आधी, १९३७ मध्ये, आपल्या वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली होती. दोन्ही योजना शेजारी ठेवून पाहिल्या तर साम्य लगेच लक्षात येते. (१९९५ चा पहिला गांधी शांतता पुरस्कार भारत सरकारने न्येरेरे यांनाच दिला.) त्याच मार्च महिन्यात पोप सहावे पॉल यांचे लोकांच्या विकासाविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले. त्यातही अक्षरज्ञान हे विकासाचे पहिले साधन मानले आहे.

योजना कागदावर सुंदर होती. व्यवहारात शाळेचे शेत म्हणजे अनेक ठिकाणी मुलांकडून फुकट काम करून घेण्याची सोय झाली. आणि आईबापांना आपला मुलगा त्या तेरांतच हवा होता. यात त्यांना दोष कसा द्यावा? शेतकऱ्याला आपल्या मुलाने साहेब व्हावे असे का वाटते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता जो भाग आपल्याला, कॅथलिकांना, टोचणारा आहे तो सांगतो. १९६९ च्या शिक्षण कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या सर्व शाळा सरकारच्या ताब्यात गेल्या. त्यांत कॅथलिक मिशनच्या शाळा पुष्कळ होत्या. ज्या पुगूच्या शाळेत न्येरेरे यांनी स्वतः शिकवले तीही गेली. सेमिनरी तेवढ्या ख्रिस्तसभेकडे राहिल्या. आपल्यातल्या अनेकांचे आजी-आजोबा फादरांच्या नाहीतर सिस्टरांच्या शाळेत शिकले. अशी शाळा एका कायद्याने हातची गेली तर कसे वाटेल याची कल्पना करा. आणि घेणारा कोण, तर त्याच शाळेने वाढवलेला, रविवार न चुकवणारा कॅथलिक. त्यांचे कारण असे होते. मिशनच्या शाळा असलेल्या भागात ख्रिस्ती मुले शिकली, मुसलमान आणि पारंपरिक धर्माची मुले मागे पडली. काही आईबाप मुलांचा धर्म बदलेल या भीतीने मिशनच्या शाळेत घालतच नसत. पहिली पायरीच असमान असेल तर पुढे देश एक कसा राहणार? माझे प्रामाणिक मत सांगतो. शाळा घेण्याची पद्धत मला पटत नाही, वाटाघाटीला वाव होता. पण कारण खोटे होते असे मला म्हणता येत नाही. तिथल्या ख्रिस्तसभेने हे सोसले आणि देशाशी भांडण मांडले नाही. रुलेंगेचे बिशप ख्रिस्तोफर म्वोलेका तर स्वतः एका उजामा गावात जाऊन लोकांबरोबर राहू लागले. १९७० मध्ये न्यूयॉर्कला मेरीनॉल सिस्टरांपुढे बोलताना न्येरेरे यांनी ख्रिस्तसभेलाही सुनावले होते, की गरिबांना गरीब ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध ती उभी राहिली नाही तर लोकांना तिची गरज वाटणार नाही.

१९७३ साली प्राथमिक शाळांतली फी रद्द झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पक्षाच्या कार्यकारिणीची बैठक मुसोमा गावी भरली. हेच ते गाव जिथे बारा वर्षांचा कांबारागे पाटी घेऊन बसला होता. प्रत्येक मुलाला प्राथमिक शाळा हे उद्दिष्ट आधी १९८९ सालासाठी ठेवले होते. या बैठकीत ते बारा वर्षे अलीकडे, १९७७ वर आणले गेले. पैसा नव्हता, इमारती नव्हत्या, शिक्षक तर नव्हतेच. मग गावकऱ्यांनी विटा भाजल्या आणि वर्ग बांधले. नुकतीच सातवी झालेली हजारो मुलेमुली निवडून त्यांना गावच्याच शाळेत शिक्षक म्हणून तयार केले. आठवड्यातले काही दिवस स्वतः शिकायचे, टपालाने आलेले धडे आणि रेडिओवरचे पाठ घ्यायचे, आणि उरलेल्या वेळी वर्गावर उभे राहायचे. एकाच खोलीत सकाळी एक वर्ग, दुपारी दुसरा. भाषा स्वाहिली, म्हणजे मुलांना कळणारी. १९८० च्या सुमारास शाळेच्या वयाच्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांची नावे पटावर होती. मुलींची संख्या जवळजवळ मुलांइतकी झाली. मुगायाच्या मुलाने मकेरेरेत लिहिलेल्या निबंधाला इतक्या वर्षांनी हे उत्तर आले असे मी म्हणेन. प्रौढ साक्षरतेची मोहीमही याच काळात चालली, आणि आज्या-आजोबा संध्याकाळी झाडाखाली बसून सही करायला शिकले.

या यशाची एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य नाही. विखुरलेल्या वस्त्यांना शाळा, पाणी, दवाखाना देता येत नाही, म्हणून लोकांनी मोठ्या गावांत एकत्र यावे असे न्येरेरे सांगत. आधी ते ऐच्छिक होते. लोक पुरेशा संख्येने आले नाहीत. १९७३ पासून सक्ती झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लाखो लोकांना घरे सोडावी लागली. लोकांनी परत जाऊ नये म्हणून काही ठिकाणी त्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या. पेरणीच्या वेळी शेते सुटली आणि धान्य आयात करावे लागले. देशात एकच पक्ष होता, विना चौकशी स्थानबद्धतेचा कायदा होता आणि तो वापरला जात होता. मुलाला शाळा देण्यासाठी त्याच्या आजीची झोपडी जाळावी का? साध्य चांगले असले तरी वाईट साधन चांगले होत नाही, ही आपली नीतिशास्त्रातली पहिली शिकवण, आणि न्येरेरे यांनी ती एडिनबऱ्याला नक्कीच वाचली होती. मला वाटते, आपल्याला मिळालेली संधी बाकीच्यांना मिळण्यासाठी आता थांबायला वेळ नाही, या घाईने त्यांना तिथवर नेले. त्याची झळ मात्र ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांनाच लागली.

पुढे दिवस फिरले. तेलाच्या किमती वाढल्या, कॉफी आणि सिसल या त्यांच्या मालाला भाव उरला नाही, १९७८-७९ मध्ये युगांडाच्या इदी अमीनशी युद्ध झाले. अमीनचा जुलूम संपला, पण टांझानियाची तिजोरी रिकामी झाली. शाळांत पुस्तके नाहीत, खडू नाही, एका बाकावर चार मुले. १९८४ मध्ये प्राथमिक शाळांत पुन्हा पैसे घेणे सुरू झाले. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये न्येरेरे स्वतःहून पायउतार झाले. आफ्रिकेत त्या काळी राष्ट्राध्यक्ष बहुधा एक तर मरत किंवा हाकलले जात, त्यामुळे याचेच लोकांना नवल वाटले. आपली आर्थिक धोरणे अनेक बाबतींत फसली हे त्यांनी नंतर कबूलही केले. ते बुटियामाला शेती करत राहिले. नव्वदच्या दशकात परदेशी कर्जांच्या अटींखाली शाळांचे खर्च कापले गेले आणि पटावरची मुले कमी होत गेली. ज्यांचे आईबाप झाडाखाली सही करायला शिकले होते त्यांचीच मुले पुन्हा शेळ्यांमागे जाऊ लागली. हे म्वालिमूंना डोळ्यांनी पाहावे लागले.

भाषेवर त्यांचे फार प्रेम. राष्ट्राध्यक्ष असतानाच त्यांनी शेक्सपियरची ज्युलियस सीझर आणि मर्चंट ऑफ व्हेनिस ही नाटके स्वाहिलीत आणली. शेवटच्या वर्षांत त्यांनी चारही शुभवर्तमाने स्वाहिली पद्यात रचली. ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकून पाठ व्हावे अशी तिथली पद्यरचना असते. त्याच सुमारास शेजारच्या बुरुंडी देशातील दोन जमातींमधले रक्तपात थांबावेत म्हणून ते मध्यस्थी करत होते. ते काम अपुरे असतानाच रक्ताच्या कर्करोगाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांना बुटियामाला आणून पुरले. रोज मिस्साला जाणारा, उपवास करणारा, साधा राहणारा माणूस म्हणून लोकांनी त्यांना पाहिले होते. २००५ मध्ये मुसोमा धर्मप्रांताने त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू केली आणि त्यांना देवाचा सेवक असे म्हटले जाऊ लागले. झोपड्या जाळल्या गेल्या, माणसे तुरुंगात गेली, त्या राजवटीच्या प्रमुखाला संत म्हणता येईल का, असा प्रश्न टांझानियात आणि बाहेरही विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. प्रक्रिया त्यासाठीच असते.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २००१ मध्ये, सरकारने प्राथमिक शाळांची फी पुन्हा रद्द केली. पहिलीत सात वर्षांची मुले घ्यायची असा नियम. पण फी नाही म्हटल्यावर आधीच्या वर्षांत राहून गेलेली मोठी मुलेही दारात येऊन उभी राहिली, म्हणून सात ते तेरा वर्षांपर्यंतच्या सर्वांना घ्यायचे ठरले. वर्गांत जागा नव्हती. पुष्कळ जण जमिनीवर बसले. त्यांत बारा वर्षांची मुले होती, आपल्याहून पाच वर्षांनी लहान असलेल्यांच्या शेजारी बसून पहिले अक्षर गिरवणारी.